ग्रुपची रेघ उमटते, एमची उमटत नाही: स्ट्रेप्टोकोकसचा अर्क काढताना नेमकं काय बिघडतं?

प्रश्न थोडक्यात असा. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस या रोगकारक जिवाणूच्या साठवलेल्या स्ट्रेन्सचं (वाणांचं) एम टायपिंग करायचं आहे, म्हणजे पृष्ठभागावरच्या एम प्रथिनावरून प्रत्येकाचा प्रकार ओळखायचा आहे. लान्सफील्ड पद्धतीने, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून, अर्क काढला. केशनळीत ग्रुप ए च्या अँटीसीरमबरोबर (त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं असलेल्या सशाच्या सीरमबरोबर) पांढरी रेघ काही मिनिटांत उमटते, पण एमच्या अँटीसीरमबरोबर निम्मे स्ट्रेन गप्प बसतात. दोन-तीन स्ट्रेन उलट एकाच वेळी चार-चार अँटीसीरमशी रेघ देतात. मग आम्ल तीव्र करावं, जास्त वेळ उकळावं, की ही जुनी पद्धत सोडून एन्झाइमने प्रथिन काढावं?

आम्ल आणि घड्याळ, दोन्हींना सध्या हात लावू नका. निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. ग्रुप ए चं कार्बोहायड्रेट (ग्रुप ठरतो तो याच्यावरून) आणि एम प्रथिन, दोन्ही एकाच उकळीत पेशीभित्तीवरून सुटतात. त्यामुळे ग्रुपची रेघ ही प्रत्येक अर्कासोबत फुकट मिळणारी कंट्रोल आहे. ती ठळक येते याचा अर्थ पेशी पुरेशा होत्या, आम्ल त्यांच्यापर्यंत पोचलं आणि नंतर न्यूट्रल करणंही बरं जमलं. तरीही एम दिसत नसेल, तर माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा ते उकळण्याआधीच पेशीवर उरलेलं नसतं. राहिलेल्या वेळांत दोष अँटीसीरमचा असतो, आणि क्वचित उकळण्याचा. या कंट्रोलची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. कार्बोहायड्रेट एमपेक्षा कितीतरी दणकट आहे. फॉर्मामाइडमध्ये १५० अंशांना तापवलं तरी ते टिकतं, ऑटोक्लेव्हमध्येही टिकतं. अति उकळून एमचे तुकडेतुकडे झाले तरी ग्रुपची रेघ निवांत येत राहील. म्हणून उकळण्याचा संशय शेवटी घ्यायचा असला तरी तो यादीतून खोडायचा नाही.

आता हे प्रथिन भित्तीवर कसं बसलेलं असतं ते बघू, कारण पद्धतीचं सगळं गणित त्यावर आहे. एम प्रथिन म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरून बाहेर आलेला साधारण ५० ते ६० नॅनोमीटरचा केस. दोन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून उभ्या असतात, सुंभाच्या दोरीसारख्या. कार्बोक्सी टोक सॉर्टेज एन्झाइमने पेप्टिडोग्लायकनला पक्कं जोडलेलं असतं. अमिनो टोक बाहेर लोंबतं, आणि प्रकाराप्रकारात जो फरक असतो तो मुख्यतः या बाहेरच्या टोकात. गरम आम्ल काही गाठ सोडवत बसत नाही, ते दोरीच मधूनमधून तोडतं. बुंधा भित्तीत राहतो आणि शेंडा द्रवात येतो. टायपिंगला हवा असतो तो शेंडाच. पद्धत ओबडधोबड असूनही इतकी दशकं चालली ती या रचनेमुळे. दुसरी गोष्ट म्हणजे पिळाची दोरी तापवल्यावर उलगडते आणि थंड झाल्यावर पुन्हा वळली जाते. बहुतेक प्रथिनं उकळली की अंड्यासारखी गोठतात, हे तसं गोठत नाही.

रिबेका लान्सफील्ड यांनी १९२८ मध्ये या अर्कातला प्रकार ठरवणारा भाग प्रथिन आहे हे दाखवलं आणि त्याला एम म्हटलं. हे अक्षर ‘मॅट’ कॉलनीवरून आलं. ज्या स्ट्रेन्समध्ये हा प्रतिजन भरपूर होता त्यांच्या कॉलनी निस्तेज, सुरकुतलेल्या दिसत. ज्यांनी तो गमावला त्या चकचकीत. पुढे कळलं की कॉलनीचं ते रूप खरं तर हायलुरॉनिक आम्लाच्या कवचामुळे येतं, कवच वाळलं की कॉलनी मॅट होते. म्हणजे प्रथिनाला नाव मिळालं ते कवचाच्या खुणेवरून! हे सांगण्याचं कारण केवळ गंमत नाही. अजूनही अनेक जण मॅट कॉलनी उचलली की एमची खात्री झाली असं समजतात. कॉलनी निवडताना मॅट जरूर निवडा, पण तो पुरावा मानू नका.

तुमच्या गप्प स्ट्रेन्सवर माझा पहिला संशय सबकल्चरचा आहे. एम हे जिवाणूचं चिलखत आहे, माणसाच्या रक्तातल्या भक्षक पेशींपासून ते त्याला वाचवतं. प्लेटवर भक्षक कोणी नसतो, चिलखत वागवण्याचा खर्च मात्र असतो. दर आठवड्याला एका प्लेटवरून दुसरीवर नेत राहिलं की एम कमी बनवणाऱ्या पेशी हळूहळू पुढे निघतात. तुम्ही स्ट्रेन ‘साठवलेले’ म्हणता, पण कसे साठवले ते सांगितलेलं नाही. उणे ८० वर ग्लिसरॉलमध्ये ठेवले असतील तर सगळ्यात जुनी, रुग्णाकडून आलेल्या पहिल्या प्लेटवरून केलेली कुपी शोधा आणि तिच्यापासून सुरू करा. तिरक्या अगरवर महिनोनमहिने जपले असतील तर उत्तर बहुधा तिथेच आहे.

हरवलेलं एम परत आणायचा जुना मार्ग म्हणजे ताजं मानवी रक्त. हेपॅरिन घातलेल्या रक्तात थोडेसे जिवाणू टाकून ३७ अंशांवर नळी सावकाश फिरवत ठेवायची. ज्यांच्यावर एम आहे ते वाचतात आणि वाढतात, बाकीचे गिळले जातात. वाचलेले पुन्हा नव्या रक्तात, असं काही फेऱ्या करायचं. इथे एक फसगत होते. रक्तदात्याला पूर्वी त्याच प्रकाराचा संसर्ग झालेला असेल तर त्याच्या रक्तातली प्रतिद्रव्यं तुमचे नेमके हवे असलेले जिवाणूच मारतात, आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या दात्यांचं रक्त लागतं. त्यासाठी परवानगी आणि मानवी रक्त हाताळण्याची शिस्तही लागते. ज्याला एम मुळातच बनवता येत नाही, म्हणजे जनुकातच मोडतोड झाली आहे, तो यानेही सुधारणार नाही.

दुसरा संशय जास्त रंजक आहे, आणि माझे स्वतःचे अनेक आठवडे यात गेले आहेत. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस स्वतःचं एम स्वतःच खातो. तो स्पे-बी नावाचं सिस्टीन प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, बाहेर सोडतो. ते आधी सुमारे ४० किलोडाल्टनच्या निष्क्रिय रूपात येतं आणि कापलं जाऊन सुमारे २८ किलोडाल्टनचं सक्रिय रूप होतं. कल्चर वाढीच्या शेवटच्या टप्प्यात आलं, साखर संपत आली, माध्यम आंबट झालं की याचं उत्पादन चढतं. मी नवखा असताना एका प्रयोगशाळेत शुक्रवारी संध्याकाळी ब्रॉथ लावून सोमवारी सकाळी पेशी गोळा करण्याची प्रथा होती. जाडजूड गाळ मिळतो म्हणून सगळे खूश. ग्रुपची रेघ तर अशी की नळी दुरून दाखवली तरी दिसावी. एम मात्र कुठल्या स्ट्रेनमध्ये यायचं, कुठल्यात नाही, आणि आम्ही नवी-नवी अँटीसेरा मागवत बसलो. शेवटी कोणीतरी एका गुरुवारी लावलेल्या कल्चरचे पेशी शुक्रवारीच गोळा केले, केवळ सुट्टीवर जायचं होतं म्हणून. त्या अर्काने रेघ दिली.

ही गोष्ट नवी नाही. १९४० च्या दशकातच दिसून आलं होतं की काही स्ट्रेन ३७ अंशांवर वाढवले तर एम मिळत नाही, तेच २२ अंशांवर वाढवले तर मिळतं, कारण कमी तापमानाला हे प्रोटिएज तयार होत नाही. तुमच्या गप्प स्ट्रेन्सपैकी कोण खादाड आहे हे तपासणं सोपं आहे. स्किम्ड दूध घातलेल्या अगरवर ठिपका लावा, भोवती पारदर्शक वर्तुळ आलं तर तो प्रोटिएज सोडतो. अशांना वेगळं काढा.

वाढवण्याची माझी पद्धत साधी आहे. टॉड-ह्युइट ब्रॉथ, ताजा. या ब्रॉथमध्ये ०.२ टक्के ग्लुकोज असतं आणि ते पचताना होणारं आम्ल सावरण्यासाठी बायकार्बोनेट व फॉस्फेट घातलेलं असतं. पेशी जास्त मिळाव्यात म्हणून वरून ग्लुकोज घालू नका, आम्ल वाढून तुम्ही स्पे-बीला आमंत्रण देता. ३० ते ५० मिली पुरेसा होतो. संध्याकाळी उशिरा लावा, सकाळी लवकर गोळा करा. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा द्रव फेकण्याआधी त्यात पीएचची पट्टी बुडवून बघा. वहीत हा आकडा लिहायची सवय लावा. पीएच ६ च्या खाली घसरलेला असेल आणि स्ट्रेन दुधाच्या प्लेटवर खादाड ठरलेला असेल, तर तो अर्क काढण्यात वेळ घालवू नका. पुन्हा लावा, वाढ मध्यापर्यंत आली की थांबवा, नाहीतर ३० अंशांवर किंवा त्याखाली वाढवा. गोळा करतानाच्या सलाइनमध्ये ई-६४ सारखा सिस्टीन प्रोटिएजचा अवरोधक घालणंही मदत करतं. पण आधी खाल्लं गेलेलं त्याने परत येत नाही.

कवच जाड असलेल्या स्ट्रेनचा गाळ नीट बसत नाही, शेंबडासारखा हलत राहतो आणि द्रव ओतताना त्याच्यासोबत निघून जातो. अशा वेळी जास्त वेगाने, जास्त वेळ फिरवा, किंवा थोडं हायलुरॉनिडेज घालून मग फिरवा. गाळ एकदा सलाइनने धुऊन घ्या. धुणं का, तर ब्रॉथमधलं उरलेलं बफर तुमचं आम्ल पिऊन टाकतं. आता आम्लाकडे येतो.

कृतीच्या कागदावर ‘०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल’ (नॉर्मल हे तीव्रतेचं माप) असं लिहिलेलं असतं आणि लोक तेवढंच पाळतात. खरा आकडा तो नाही. महत्त्वाचा आहे तो गाळ कालवल्यानंतरचा पीएच, आणि तो २ ते २.४ च्या दरम्यान हवा. जाड गाळ, न धुतलेला, त्यात सुमारे ०.३ मिली आम्ल, एवढ्यात पीएच सहज ३ च्या वर राहतो आणि एम जेमतेम सुटतं. उलट गाळ अगदी पातळ असेल तर तेच आम्ल त्याला भाजून काढतं. यासाठी मेटाक्रेसॉल पर्पल नावाचा सूचक मला फार आवडतो. तो दोन ठिकाणी रंग बदलतो: पीएच १.२ ते २.८ च्या पट्ट्यात लालसरवरून पिवळा, आणि पुन्हा ७.४ ते ९ च्या पट्ट्यात पिवळ्यावरून जांभळा. सुरुवातीला एक थेंब टाकला की आम्लाची बाजूही तोच दाखवतो आणि शेवटी न्यूट्रल करतानाची बाजूही. उकळण्याआधी गुलाबी छटा दिसली पाहिजे. पिवळं असेल तर आणखी एक-दोन थेंब आम्ल. हे आम्ल साध्या पाण्यात नव्हे, ०.८५ टक्के सलाइनमध्ये बनवलेलं असावं.

मग उकळत्या पाण्यात १० मिनिटं, मध्ये दोन-तीनदा नळी हलवून. पाणी ‘गरम’ नव्हे, खदखदत असलं पाहिजे, आणि नळ्या ठेवल्यावर उकळी थांबली तर ती परत येईपर्यंतचा वेळ धरायचा नाही. नळीचं झाकण घट्ट लावू नका. उडून तोंडावर आलेलं गरम आम्ल आणि जिवाणू हा अनुभव टाळण्यासारखा आहे. उकळेपर्यंत हे सगळे जिवंत, रोगकारक पेशी आहेत हे सेंट्रिफ्यूजजवळही विसरू नका. झाकणाचे बकेट वापरा, फिरून थांबल्यावर लगेच उघडू नका. दहाची पंधरा, वीस मिनिटं करण्याचा मोह होतो, कारण ग्रुपची रेघ त्याने आणखी ठळक होते. एमची फिकी होते. अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि प्रोलिन यांच्यामधला बंध गरम आम्लात विशेष लवकर तुटतो, आणि जास्त उकळलं की शेंड्याचेही तुकडे पडतात. आम्लाने काढलेला अर्क जेलवर (प्रथिनं लांबीनुसार वेगळी करणाऱ्या) लावून बघा, एक नेमका पट्टा दिसणार नाही, वेगवेगळ्या लांबीच्या तुकड्यांची शिडी किंवा नुसता डाग दिसेल. ते बघून घाबरायचं कारण नाही, पण त्याच अर्कावरून प्रथिनाचं वजन सांगायलाही जायचं नाही.

थंड करून फिरवा आणि स्वच्छ द्रव नव्या नळीत घ्या. इथून पुढे तुमच्या त्या ‘चार-चार अँटीसीरमशी रेघ देणाऱ्या’ स्ट्रेन्सची कथा सुरू होते. ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ ते ७.८ वर आणायचा असतो. शेवटचे थेंब घाईने पडतात, सूचक एकदम गर्द जांभळा होतो, मग आम्ल परत, मग अल्कली परत. दोन-तीन हेलपाट्यांत अर्क निम्मा पातळ झालेला असतो आणि मीठ वाढलेलं. माझा सल्ला असा की शेवटी ०.२ ऐवजी दहापट पातळ अल्कली वापरा आणि फिक्या जांभळ्यावर थांबा. अर्क आम्ल बाजूला राहिला तर सीरममधली प्रथिनंच साकळतात आणि जवळजवळ कुठल्याही अँटीसीरमशी खोटी रेघ दिसते. न्यूट्रल केल्यावर बहुधा थोडी धूसरता येते. ती पुन्हा फिरवून काढून टाका. जो अर्क काचेसारखा स्वच्छ नाही तो केशनळीत लावण्यात अर्थ नाही.

अनेक अँटीसीरमशी रेघ आली की मी सगळ्यात आधी तोच अर्क सामान्य सशाच्या सीरमबरोबर लावतो. तिथेही रेघ आली तर दोष पीएचचा किंवा धूसरतेचा. तिथे नाही पण चार एम अँटीसीरमशी येते, तर पुढची पायरी ट्रिप्सिन. अर्काचा एक छोटा वाटा ट्रिप्सिनबरोबर ३७ अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा, मग ट्रिप्सिनचा अवरोधक घाला, नाहीतर ते अँटीसीरमवरही हात मारेल, आणि पुन्हा केशनळ्या लावा. एम ट्रिप्सिनने संपतं, ग्रुपच्या कार्बोहायड्रेटला काही होत नाही. रेघा तशाच राहिल्या तर त्या एमच्या नव्हत्याच. तुमच्या अँटीसीरममध्ये ग्रुपविरोधी प्रतिद्रव्यं उरली आहेत. रेघा गेल्या तर त्या प्रथिनाच्या होत्या, पण याचा अर्थ चार प्रकार एकत्र आले असा नाही. एम प्रथिनांचे बुंध्याकडचे भाग एकमेकांसारखे असतात, आणि अनेक स्ट्रेन्समध्ये एमची भावंडं म्हणावीत अशी आणखी दोन प्रथिनंही शेजारी बसलेली असतात. अँटीसीरम इतर प्रकारांच्या पेशींबरोबर पुरेसं अ‍ॅब्सॉर्ब केलेलं नसेल, म्हणजे नको असलेली प्रतिद्रव्यं त्या पेशींवर शोषून काढलेली नसतील, तर ते या सामायिक भागांनाही धरतं. उपाय अर्कात नाही, अँटीसीरम पुन्हा अ‍ॅब्सॉर्ब करण्यात आहे. ही ट्रिप्सिनची चाचणी स्वस्त आहे, अर्ध्या दिवसात होते, आणि ती न करता अर्काच्या कृतीत बदल करत बसणारे लोक मला सतत भेटतात.

केशनळीबद्दल थोडकंच. १९४३ मध्ये स्विफ्ट, विल्सन आणि लान्सफील्ड यांनी ही पद्धत एम टायपिंगसाठी बसवली ती मुख्यतः महागडं अँटीसीरम वाचवण्यासाठी. आधी अँटीसीरम ओढायचं, मग बाहेरून नळी पुसून तेवढाच अर्क, मध्ये हवेचा बुडबुडा नको. उलटी करून प्लॅस्टिसीनमध्ये उभी. ग्रुपची रेघ ५-१० मिनिटांत दिसते आणि तिथेच घात होतो: एमलाही लोक तेवढाच वेळ देतात. एमसाठी ३७ अंशांवर २ तास, मग रात्रभर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पार्श्वभूमीवर, बाजूने येणाऱ्या उजेडात पुन्हा वाचन. तुमच्या प्रश्नात रात्रभराच्या वाचनाचा उल्लेख नाही. ते करत नसाल तर वरचं सगळं करण्याआधी ते करून बघा. शिवाय अर्क फार घट्ट असेल तर प्रतिजन अति झाल्यानेही रेघ येत नाही. सलाइनमध्ये दुप्पट आणि चौपट पातळ केलेला अर्क शेजारी लावला की ते लगेच कळतं.

अजून एक शक्यता आहे, तिच्याबद्दल तुम्ही काहीच करू शकत नाही. काही प्रकारांचे जिवाणू सीरम ओपॅसिटी फॅक्टर बनवतात, म्हणजे घोड्याच्या सीरममध्ये त्यांच्या कल्चरचा वरचा द्रव घातला की ते दुधासारखं धूसर होतं. या प्रकारांच्या एमविरुद्ध सशांमध्ये जोरकस अँटीसीरम बनतच नाही. त्यामुळे तुमचा अर्क उत्तम असूनही नळी कोरी राहते. गप्प स्ट्रेन्सची ओपॅसिटी तपासा. बरेचसे पॉझिटिव्ह निघाले तर तुमच्या हाताला दोष देऊ नका.

आता एन्झाइमकडे वळावं का? टायपिंगसाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण ज्या दोन गोष्टी तुमच्याकडे बिघडल्याची शक्यता जास्त आहे, वाढ आणि अँटीसीरम, त्या एन्झाइमने सुधारत नाहीत. एन्झाइमची जागा वेगळी आहे. पेप्सिन पीएच ५.८ ला, म्हणजे त्याच्या आवडीच्या आम्लतेपासून बरंच दूर, ३७ अंशांवर वापरलं तर ते आळसावतं आणि एमला साधारण मध्यावर छाटून बाहेरचा अर्धा भाग अखंड देतं, पीएच ७.५ च्या वर नेलं की ते कायमचं मरतं, त्यामुळे थांबवणंही सोपं. त्या भागाची शुद्धता आम्लाच्या अर्कापेक्षा कितीतरी चांगली. एमच्या रचनेवरचं सुरुवातीचं बरंच काम अशा पेप्सिनच्या तुकड्यांवर झालं. संपूर्ण एम हवं असेल, बुंध्यासकट, तर भित्तीच कापावी लागते: म्यूटॅनोलायसिन किंवा ग्रुप सी च्या फेजचं (जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूचं) लायसिन, ही दोन्ही भित्ती कापणारी एन्झाइमं. हे करताना ३० टक्के रॅफिनोज किंवा सुक्रोजचा आधार द्या, म्हणजे भित्ती गेलेल्या पेशी फुटणार नाहीत. फुटल्या की डीएनए बाहेर येतो, सगळा अर्क चिकट दोऱ्यांचा होतो, आणि पेशीच्या पोटातल्या शेकडो प्रथिनांत तुमचं एम शोधत बसावं लागतं. प्रोटिएजचे अवरोधक इथे हवेतच, कारण आम्लाने जे प्रोटिएज आपोआप मारलं जात होतं ते इथे जिवंत असतं.

टी प्रथिन, म्हणजे टायपिंगला वापरलं जाणारं पृष्ठभागावरचं दुसरं प्रथिन, हवं असेल तर हिशेब बरोबर उलटा. एम गरम आम्ल सोसतं पण ट्रिप्सिन सोसत नाही. टी ट्रिप्सिन सोसतं पण गरम आम्लात नष्ट होतं. म्हणून आम्लाच्या अर्कावर टी टायपिंग करता येत नाही. त्यासाठी पेशी ३० अंशांच्या आसपास वाढवून, ट्रिप्सिन देऊन, काचपट्टीवर थेट अग्लुटिनेशन करतात, म्हणजे अँटीसीरमने पेशींचे गोळे होतात का ते बघतात. एम निघून गेल्याने पेशींचे आपोआप बनणारे गोळेही सुटतात, हा त्याचा वेगळा फायदा. टी इतकं चिवट का, हे कोडं बरंच उशिरा सुटलं. २००५ मध्ये कळलं की टी म्हणजे जिवाणूच्या पायलसचा (पृष्ठभागावरच्या बारीक तंतूचा) कणा असलेलं प्रथिन, आणि पुढे दिसलं की त्याच्या आत बाजूच्या साखळ्यांना जोडणारे जास्तीचे सहसंयुज बंध असतात. तुमच्या गप्प स्ट्रेन्सचं टी टायपिंग तरी करून घ्या. टीचा नमुना एमचा प्रकार ठरवत नाही, पण कुठली अँटीसेरा आधी लावायची ते सुचवतो.

आणि शेवटी तो प्रश्न जो तुम्ही विचारला नाही: मुळात अर्क काढायलाच हवा का? फक्त प्रकाराचा क्रमांक हवा असेल, तर एमचं जनुक, ‘ईएमएम’, पीसीआरने वाढवून त्याच्या अमिनो टोकाकडचा भाग वाचा. १९९६ पासून ही पद्धत रुळली आहे. आज २०० हून अधिक ईएमएम प्रकार नोंदले गेले आहेत, तर चांगल्या अँटीसीरमने ओळखता येणारे त्याच्या निम्म्याहूनही कमी. जनुकाला अँटीसीरम लागत नाही, पेशी कोणत्या टप्प्यावर गोळा केल्या याचंही त्याला सोयरसुतक नसतं. पण जनुक आहे म्हणजे प्रथिन पृष्ठभागावर आहेच असं नाही. एखाद्या स्ट्रेनचं जनुक नीट आहे, पण अर्क कोरा, तेही वाढ, पीएच, प्रोटिएज, ओपॅसिटी सगळं तपासून, तर ती एक खरी माहिती आहे आणि ती फक्त अर्कच देऊ शकतो. मी स्वतः आधी जनुक वाचतो आणि मग ज्यांच्याबद्दल प्रथिनाचा प्रश्न उरतो त्यांचेच अर्क काढतो.

तुमच्या जागी मी असतो तर येत्या आठवड्यात एवढंच केलं असतं: एक ठळक एम देणारा माहितीचा स्ट्रेन, एक तुमचा गप्प स्ट्रेन आणि एक चारही अँटीसीरमशी बोलणारा, तिघांना एकाच ब्रॉथमध्ये, एकाच संध्याकाळी लावलं असतं. सकाळी तिघांचा पीएच टिपून, एकाच खदखदत्या भांड्यात उकळून, तिघांवर सामान्य सशाचं सीरम आणि ट्रिप्सिन लावलं असतं. माहितीच्या स्ट्रेननेच रेघ दिली नाही तर मग आम्ल आणि घड्याळ तपासायची वेळ आली. निघालेले अर्क छोट्या वाट्यांत उणे २० वर ठेवा, त्यावर गोळा करतानाचा पीएच आणि किती तासांचं कल्चर होतं ते लिहा. पुन्हा वापरताना वितळवल्यावर धूसर दिसला तर आधी फिरवा, मग नळीत घ्या, आणि तोच वाटा परत गोठवू नका.